सान पेद्रो ला लागुना: अतित्लान तळ्याकाठचे पहिले दिवस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात अतित्लान नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या काठच्या सान पेद्रो ला लागुना या गावी मी सॅक घेऊन चार दिवसांसाठी गेले आणि पाच आठवडे राहिले. परत आल्यापासून ट्रेकिंगच्या ग्रुपमधली मंडळी, अमेरिकेत शिकणारी भाचरं आणि त्यांचे मित्र मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे. सगळा भर पहिल्या तीन-चार दिवसांवर आहे, कारण तळ्याशी सूर जुळतो किंवा बिनसतो तो त्याच दिवसांत.

काठावर इतकी गावं आहेत, पहिला मुक्काम कुठे करावा?

बस आणि व्हॅन बहुतेकांना पानाहाचेलला सोडतात. बँका, मोठी दुकानं, दवाखाने सगळं तिथे आहे, पण सांतान्देर रस्त्यावर पाऊल ठेवलं की विक्रेते गराडा घालतात. पहिल्याच दिवशी थकलेल्या माणसाला ते झेपत नाही. सान मार्कोसला योग, ध्यान, उपवास यांची शिबिरं भरतात. सांता क्रूस शांत आहे, पण संध्याकाळनंतर तिथे फारसं काही नसतं. सान हुआनला हातमागाच्या सहकारी संस्था आहेत. वनस्पतींपासून रंग कसा काढतात, ते तिथल्या बायका समोर बसवून दाखवतात.

मी सान पेद्रो सुचवते. खोल्या स्वस्त मिळतात, स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा भरपूर आहेत आणि पर्यटकांपलीकडे त्या गावाला स्वतःचं आयुष्य आहे. फक्त एक लक्षात घ्या. दोन धक्क्यांच्या मधली खालची वस्ती हॉटेलांची आणि रात्रीच्या गोंगाटाची आहे. खरं गाव चढावर आहे: चर्च, बाजार, गिरण्या, शाळा. खोली घेताना थोडं वर चढा. पाय दुखतील, पण झोप लागेल.

तिथवर पोचायचं कसं?

विमान ग्वाटेमाला सिटीला उतरतं. राजधानीत मुक्काम न करता बहुतेक जण तासा-दीड तासावरच्या आंतिग्वाला जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या सामायिक व्हॅननं तळ्याकडे निघतात. पानाहाचेलपर्यंत तीन तास धरा. सान पेद्रोला थेट जाणाऱ्या व्हॅनही आहेत, पण शेवटचा घाट तीव्र वळणांचा आहे. माळशेज घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी पानाहाचेलला उतरून पाण्यातून जावं.

अमेरिकेतून निवृत्त झालेल्या शाळेच्या बस इथे रंगीबेरंगी होऊन धावतात. त्यांना कामिओनेता म्हणतात. त्या स्वस्त आहेत आणि एकदा तरी बसण्यासारख्या आहेत. पण दोन बस बदलून, जड सॅक टपावर टाकून पहिल्याच दिवशी तो प्रयोग करू नका.

व्हिसाचं काय?

नवी दिल्लीत ग्वाटेमालाचा दूतावास आहे. तुमच्या पासपोर्टवर आणि तुमच्याकडे असलेल्या इतर देशांच्या व्हिसांवर प्रवेश मिळतो का, हे त्यांना ईमेलनं विचारा आणि उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरचा माणूस तेच मागतो. अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी पाहा. आणि ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा या चार देशांत मिळून ९० दिवसांची एकच मुदत मोजली जाते. प्रत्येक देशात नवे ९० दिवस मिळतील या समजुतीवर बेत आखू नका.

लांचा म्हणजे काय? भाडं कसं ठरतं?

मांडव्याला जाताना आपण जिला लाँच म्हणतो, तिचीच ही लहान चुलत बहीण, नावासकट. वीसेक माणसं बसतील अशी फायबरची बोट, वर छत, मागे इंजिन. पानाहाचेलहून सान पेद्रोला थेट गेली तर अर्धा तास, मधली गावं घेत गेली तर त्याहून जास्त. वेळापत्रक नसतं, बोट भरली की सुटते.

मी गेले तेव्हा परक्या माणसाला पानाहाचेल ते सान पेद्रो २५ केत्साल पडायचे. गावकऱ्यांचं भाडं कमी असतं आणि त्यावरून वाद घालू नये. ती त्यांची रोजची एसटी आहे. पैसे उतरताना थेट नावाड्याच्या हातात द्यायचे. धक्क्यावर "शेवटची बोट", "खास बोट" म्हणत पुढे येणाऱ्यांच्या हातात आधी काही देऊ नका. मी पहिल्या दिवशी दिले आणि बोटीत पुन्हा द्यावे लागले. शेजारी बसलेल्या बाईला आधीच "क्वांतो एस?", म्हणजे किती झाले, असं विचारलं असतं तर पैसे वाचले असते.

जागा शक्यतो मागे धरा. पुढच्या भागात लाटेवरचा प्रत्येक आपटा थेट मणक्यात बसतो. मागे फार तर अंगावर पाणी उडतं. लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मगच सॅकेत ठेवा.

दुपारी तळ्यावर जाऊ नका असं सगळे का म्हणतात?

शोकोमिलमुळे. सकाळी तळं काचेसारखं असतं. दुपारच्या सुमाराला पॅसिफिककडच्या सखल प्रदेशातली गरम हवा डोंगरांच्या खिंडींतून वर येते, पठारावरच्या थंड हवेला भिडते आणि तासाभरात पाण्याचं रूप पालटतं. त्या वाऱ्याचं नाव शोकोमिल. माणसांची पापं गोळा करून नेणारा वारा, असा त्या नावाचा अर्थ गावकरी सांगतात.

तळ्याकाठच्या आयुष्याचं घड्याळ या वाऱ्यावर चालतं आणि पहिल्या दिवसांत शिकायचं ते हेच. गावकरी पहाटे उठतात. बाजार, बँक, पलीकडच्या गावातलं काम दुपारच्या आत उरकतात. वारा सुटला की घरी. नऊला उठून अकराला नाश्ता करणारा प्रवासी नेमका वाऱ्याच्या तोंडी बोटीत चढतो आणि मग तळ्याच्या नावानं बोटं मोडतो. मे ते ऑक्टोबर पावसाळा. तेव्हाही सकाळ बहुधा उघडी असते आणि सरी दुपारनंतर येतात. म्हणजे घड्याळ तेच. एक मात्र सोयीचं आहे: भारत ग्वाटेमालाच्या साडेअकरा तास पुढे आहे. तिथे सकाळी सातला तुम्ही धक्क्यावर चहा घेत असता तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आईला फोन करायला त्याहून चांगली वेळ नाही.

मग पहिल्या दिवशी नेमकं करावं काय?

फार काही नाही. मी गेले त्याच संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या ज्वालामुखीच्या चढाईचे पैसे भरून आले होते. रात्री अंग तापलं आणि चढाई हुकली. तळ्याचं पाणीच समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटरवर आहे. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा ते जेमतेम ऐंशी-नव्वद मीटर खाली, आणि गाव त्याच्याही वर चढत जातं. उंचीचा त्रास व्हावा इतकं हे नाही, पण दोन दिवसांच्या विमानप्रवासानंतर दम लागतो, रात्री गारठा जाणवतो. स्वेटर सॅकेत वरच ठेवा.

पहिल्या दिवशी खोलीपासून दोन्ही धक्क्यांपर्यंत चालून या. परतीच्या शेवटच्या बोटी संध्याकाळी लवकर सुटतात, त्यांच्या वेळा तिथेच विचारून घ्या. पिण्याच्या पाण्याचा मोठा बाटला, म्हणजे गाराफोन, कुठे भरून मिळतो ते शोधा. नळाचं पाणी पिऊ नका, दातही त्यानं घासू नका. रस्त्यात जो भेटेल त्याला "बुएनोस दीआस" म्हणा, लहान पोराला आणि म्हाताऱ्या आजोबालाही. नमस्कार न करता थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

पैसे कसे न्यावेत?

चलन केत्साल. एका डॉलरला साधारण पावणेआठ. रुपये कुठेच बदलून मिळत नाहीत आणि यूपीआयची सवय विमानतळावरच सोडा. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी सुरू करा. एटीएम पानाहाचेलला बँकेच्या इमारतीत असलेलंच वापरा आणि आठवड्यापुरते पैसे तिथेच काढा, कारण सान पेद्रोच्या एटीएममध्ये ऐन वेळी रोकड संपलेली मी दोनदा पाहिली. शंभराची नोट घेऊन केळी घ्यायला गेलात तर सुट्ट्यांसाठी दोघांचीही पंचाईत होते.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

मुळीच नाही. उलट या गावात मला घरच्यासारखं वाटलं ते जेवणामुळेच.

मी ज्या घरी राहत होते त्या घरातली आजी रोज सकाळी प्लास्टिकच्या टबात भिजवलेला मका घेऊन गिरणीवर जायची. तिच्यासोबत मीही जाऊ लागले. रांगेत दहा-बारा बायका, प्रत्येकीचा टब वेगळ्या रंगाचा, गिरणीचा तोच घरघराट, आणि आपल्या पिठाच्या गिरणीवर चालतात तशाच गप्पा. फरक एवढाच की तिथे कोरडं धान्य दळत नाहीत. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात, सालं सुटली की धुतात आणि ओलाच दळतात. चुन्यामुळे मक्यातलं जीवनसत्त्व शरीराला मिळतं आणि पीठ चिकट होतं. म्हणूनच तोर्तिया थापताना आपल्या भाकरीसारखी कडेनं फाटत नाही. दोन तळव्यांमधली ती थापटी मी पहिल्यांदा गल्लीतून ऐकली तेव्हा थबकले. दिसत काही नव्हतं, नुसता आवाज. शेजारच्या घरात आजी भाकरी करते आहे असंच वाटलं.

रोजचं ताट असं: तोर्तिया, काळा घेवडा, अंडं किंवा चीज, तळलेलं केळं आणि चिरमोल. चिरमोल म्हणजे भाजलेल्या टोमॅटोची चटणी, ती आपल्याला लगेच आवडते. तिखट वेगळं मागावं लागतं. केळ्याच्या पारीत गोड काळा घेवडा भरून तळलेले रेयेनितोस आणि कोवळ्या मक्याची गरम खीर, आतोल दे एलोते, चुकवू नका.

"सिन कार्ने" म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. कोंबडी आणि मासे यांना तिथे कार्ने म्हणत नाहीत. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" असं पूर्ण म्हणा. घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, तिला मान्तेका म्हणतात. चालत नसेल तर "तिएने मान्तेका?" विचारा. भाज्यांच्या सुपाचं पाणीही बऱ्याचदा कोंबडीचं असतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर वापरता येईल अशीच खोली घ्यावी. बाजारात भाजी उत्तम आणि ताजी मिळते. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असेल तर आनंदच.

वेलदोडा मात्र इथून नेऊ नका. जगात सर्वाधिक वेलदोडा निर्यात करणारा देश ग्वाटेमालाच आहे. तो मूळचा आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा, तिकडे गेला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. गंमत अशी की तिथल्या स्वयंपाकात तो फारसा वापरत नाहीत, बहुतेक आखाती देशांत जातो. मी चहात टाकला तर घरातली पोरं वास घेत राहिली.

स्पॅनिश अजिबात येत नाही. चालेल?

चालेल, पण शाळेत नाव घाला. सान पेद्रोला एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी, रोज चार तास, अशी पद्धत आहे. बऱ्याच शाळा स्थानिक कुटुंबात राहण्याची सोयही करतात. एका आठवड्यात तुम्ही बाजारात भाव विचारू लागता.

मराठी माणसाला ही भाषा जड जाऊ नये. त आणि द आपल्यासारखेच दाताला टेकतात. पोर्तुगीजांमुळे काही शब्द तर घरचेच आहेत: पान म्हणजे पाव, याव्हे म्हणजे चावी आणि पागार म्हणजे पैसे देणं. वयानं मोठ्या माणसाशी "उस्तेद" म्हणून बोला, आपल्या तुम्हीसारखं.

मात्र स्पॅनिश ही तिथल्या अनेकांची दुसरी भाषा आहे. सान पेद्रो, सान हुआन आणि सांतियागोला घराघरात त्सुतुहिल बोलतात, पानाहाचेलकडे काक्चिकेल. दोन्ही माया कुळातल्या. गिरणीवर पैसे देताना मी "माल्त्योश" म्हणाले, म्हणजे धन्यवाद, तेव्हा सगळी रांग हसली आणि पुढच्या दिवसापासून मला जागा धरून ठेवू लागली.

तळ्यात पोहता येतं का?

येतं, पण धक्क्याजवळ नको. गावांचं सांडपाणी बऱ्याच ठिकाणी प्रक्रियेविना तळ्यात मिसळतं. २००९ साली शेवाळासारख्या जिवाणूंची इतकी वाढ झाली की पाण्यावर मोठे तवंग पसरले होते. वस्तीपासून दूरच्या खडकांवर, सकाळच्या वेळी पोहा. किनारा लगेच खोल होतो.

या तळ्याची घडण समजून घेतली तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. लोणार उल्केच्या आघातानं झालं. अतित्लान झालं सुमारे ८० हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकानंतर जमीन खचून. खोली तीनशे मीटरहून जास्त. पण लोणारसारखंच इथूनही एकही नदी बाहेर पडत नाही. म्हणून पाण्याची पातळी वर्षानुवर्षं चढते-उतरते. २०१० च्या आगाथा वादळानंतर ती वाढली आणि काठावरची घरं, हॉटेलं पाण्यात गेली. त्यांच्या भिंती बोटीतून दिसतात. तळाशी सामाबाह नावाचं बुडालेलं प्राचीन माया स्थळही आहे.

पोक नावाची पाणडुबी जगात फक्त याच तळ्यावर होती. १९५८ मध्ये मासेमारीच्या हौशी पर्यटनासाठी बाहेरचा बास मासा सोडला, त्यानं लहान मासे, खेकडे आणि पोकची पिल्लं खाल्ली. १९७६ च्या भूकंपानंतर पाणी उतरलं, लव्हाळी गेली, घरटी गेली. आता तो पक्षी कुठेच नाही. हे वाचल्यापासून मला लव्हाळ्याच्या बेटांकडे बघताना वाईट वाटतं. सान पेद्रोनं २०१६ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्माकोलवर बंदी आणली आहे, तेव्हा बाजाराला जाताना कापडी पिशवी न्याच.

एकट्या बाईसाठी सुरक्षित आहे का?

गावात दिवसा मला कधीच भीती वाटली नाही. रात्री दहानंतर खालच्या वस्तीतल्या अंधाऱ्या बोळांतून एकटी गेले नाही. गावांना जोडणाऱ्या डोंगरवाटांवर मात्र लुटालूट होते, दिवसाढवळ्यासुद्धा. आपल्याकडे रविवारी एकटं गडावर जाण्याची सवय असते, ती इथे बाजूला ठेवा. त्या वाटांवर स्थानिक वाटाड्या घ्यायचाच.

पहाटे चारला धडाधड आवाज येतात. गोळीबार आहे का?

फटाके आहेत. कुणाचा तरी वाढदिवस असतो. २९ जूनच्या आसपास गेलात तर गावच्या जत्रेत ते दिवसभर चालतात.

"इंडियन नोज" आणि ज्वालामुखी, कोणता आधी?

आडव्या झोपलेल्या चेहऱ्यासारखा दिसणारा तो डोंगर, गावकरी त्याला रोस्त्रो माया म्हणतात. सूर्योदयासाठी पहाटे चारच्या सुमाराला निघतात. चढ थोडा आहे आणि माथ्यावरून सान पेद्रो, तोलिमान आणि अतित्लान हे तिन्ही ज्वालामुखी समोर येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथे जा. सान पेद्रो ज्वालामुखी ३,०२० मीटर, चढायला तीन-चार तास, कॉफीच्या मळ्यांमधून आणि मग दाट जंगलातून सरळ उभा. राजगड-तोरणा एका दिवसात करणाऱ्यांना जमेल, पण पोट स्थिर झाल्याशिवाय नको. ढग लवकर येतात, तेव्हा उजाडतानाच निघा.

सांतियागो अतित्लानला माशिमोन पाहायला सगळे जातात. जावं का?

जावं, पण फक्त माशिमोनसाठी नको. माशिमोन हा लाकडाचा, गळ्यात रुमालांचे थर बांधलेला देव. त्याला सिगारेट आणि दारू वाहतात. दर वर्षी तो वेगळ्या घरी मुक्कामाला असतो. घरात शिरल्यावर टोपी काढा, दक्षिणा ठेवा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आपल्या म्हसोबाला बिडी वाहणारी माणसं पाहिलेल्यांना त्यात नवल वाटणार नाही.

मग चर्चमध्ये जा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाहून आलेले फादर स्टॅन्ली रॉदर यांनी तिथे त्सुतुहिल शिकून काम केलं. ग्वाटेमालातल्या यादवीत लष्कराचा दबाव वाढला तरी गाव सोडलं नाही. २८ जुलै १९८१ च्या रात्री त्यांना चर्चच्या आवारातल्या घरातच मारलं. देह मायदेशी गेला, पण गावकऱ्यांच्या आग्रहावरून हृदय इथेच ठेवलं आहे. २ डिसेंबर १९९० ला लष्करी तळासमोर जमलेल्या निःशस्त्र गावकऱ्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, डझनाहून जास्त माणसं मेली, त्यात मुलंही होती. त्यानंतर गावानं सह्या गोळा करून लष्कराला तळ हलवायला लावला. त्या जागी आता शांतीउद्यान आहे. आणि जवळच पानाबाह, जिथे २००५ च्या स्टॅन वादळात ज्वालामुखीच्या उतारावरचा चिखल खाली आला आणि शेकडो माणसं गाडली गेली.

रंगीत झगे आणि तळ्याचे फोटो घेऊन परत येणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इतकं लिहिलं. मी दोन तास थांबायच्या बेतानं गेले होते आणि शांतीउद्यानात शेवटची बोट सुटेपर्यंत बसले.

अंघोळीच्या गरम पाण्याचं आणि विजेचं काय?

वीज ११०-१२० व्होल्टची, सपाट दोन पात्यांची पिन. मोबाइलचा चार्जर चालतो, आपली पाणी तापवायची कांडी चालत नाही. शॉवरच्या तोंडातच हीटर बसवलेला असतो. पाणी गरम हवं तर धार बारीक करा. ओल्या हातानं त्या तोंडाला शिवू नका.

पोट बिघडलं तर?

पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांचं बिघडतं. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. तिथल्या औषधाच्या दुकानात "सुएरो ओराल" मागितलं की मिळतं. ताप आला किंवा रक्त पडलं तर अंगावर काढू नका, सकाळच्या बोटीनं पानाहाचेलच्या डॉक्टरकडे जा. प्रवासविमा काढूनच निघा.

सॅक जड आहे आणि चढ फार आहे. वर न्यायला काही मिळतं का?

मिळते, आपलीच रिक्षा. धक्क्यावर उतरलात की लाल टुकटुकांची रांग दिसेल. जवळ जाऊन पाहा, पुढच्या काचेखाली बजाज लिहिलेलं असतं. पुण्याच्या आकुर्डीची कंपनी तळ्याकाठच्या जवळपास प्रत्येक गल्लीत पोचली आहे. बसण्याआधी भाडं विचारा, गावातल्या गावात माणशी पाच-दहा केत्साल. मी पुण्याजवळची आहे आणि ही रिक्षा तिकडचीच, असं एका चालकाला मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, तर त्यानं रिक्षा थांबवली, मागे वळला आणि विचारलं, तिकडे क्लच केबल केवढ्याला मिळते?